डर्ट बाइकचं कूलंट गायब होतंय, पण जमिनीवर थेंब नाही. हेड उघडायचं का?

चिखलस्वार

मंडळी, सल्ला हवाय. गाडी २५० सीसीची फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस, सेकंडहँड घेतलेली. प्रत्येक राइडनंतर रेडिएटरची पातळी खाली जाते. पुन्हा भरलं की पुन्हा तेच. गाडी उभी करते तिथे खाली एक थेंबही दिसत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, निदान मला तरी दिसलेला नाही. इंजिन ऑइल मात्र किंचित राखाडी वाटतंय. किंचितच, एकदम दुधाळ नाही.

ज्यांना दाखवली ते म्हणाले, "हेड पॅकिंग (सिलिंडरवरच्या झाकणाखालची गॅस्केट) गेलंय, इंजिन खोलावं लागेल." एवढं बोलायला त्यांनी गाडी स्टार्टसुद्धा केली नाही, म्हणून शंका आहे. खोलायची तयारी आहे, पण नक्की कळल्यावर. कुठून सुरुवात करू?

किकमार

हेड पॅकिंगच. ऑइल राखाडी + कूलंट कमी = हेड. वेळ घालवू नका, खोला.

पाना_दहाचा

किकमार, आजार म्हशीला आणि औषध पखालीला असं होईल हो. फोर-स्ट्रोक डर्ट बाइकच्या ऑइलमध्ये कूलंट मिसळलं की माझा पहिला संशय कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपावर जातो, हेडवर नंतर. पंपाचं सील ही झिजणारी वस्तू आहे. ते कधी ना कधी जाणारच असतं. हेड गॅस्केट जायला बहुधा काहीतरी कारण लागतं: इंजिन कधीतरी उकळलेलं असतं, बोल्ट चुकीचे आवळलेले असतात किंवा हेड वाकलेलं असतं.

चिखलस्वार, कूलंट जाऊन जाऊन जाणार कुठे? बाहेर सांडेल, ओव्हरफ्लो नळीतून उडेल, ऑइलमध्ये जाईल, नाहीतर सिलिंडरमध्ये जळेल. पाचवी वाट नाही. यातली कुठली ते कळेपर्यंत पाना हातात घेऊ नका. आधी एवढं सांगा:

ओव्हरफ्लो नळीचं खालचं टोक ओलं असतं का? प्लग काढून पाहिलात का, कसा दिसतो? पंपाच्या कव्हरखाली, केसिंगला एक छोटं भोक असतं, ते सापडतंय का? आणि तुम्ही भरताना किती भरता, अगदी गळ्यापर्यंत?

थेंब दिसत नाही म्हणजे बाहेर गळत नाही असंही धरू नका. गरम इंजिनावर किंवा एक्झॉस्ट पाइपावर पडलेला थेंब तिथल्या तिथे वाफ होतो. मागे राहतो तो वाळलेला डाग, कूलंटच्याच रंगाचा किंवा पांढरट. गाडी स्वच्छ धुवा, वाळू द्या, होसच्या जोडांवर आणि पंपाभोवती टाल्कम पावडर भुरभुरवा आणि एक छोटी चक्कर मारून या. ओघळ कुठून सुरू झाला ते पावडर दाखवते.

चिखलस्वार

एवढ्या सविस्तर उत्तराबद्दल आभार. भरताना मी गळ्यापर्यंतच भरते, अगदी कॅपला टेकेल इतकं. ओव्हरफ्लो नळी राइडनंतर ओली असते खरी. प्लग तपकिरी, कोरडा. त्या भोकाचं मला ठाऊकच नव्हतं, चिखलात शोधावं लागेल.

रानवाट

गळ्यापर्यंत भरल्यावर पहिल्याच राइडमध्ये थोडं बाहेर पडणारच. गरम झालं की कूलंट फुगतं आणि बऱ्याच मोटोक्रॉस गाड्यांना रस्त्यावरच्या गाड्यांसारखी रिझर्व्ह टाकी नसते, जास्तीचं थेट नळीतून जमिनीवर जातं. तिथून ते परत यायची सोय नाही. पातळी आतल्या नळ्यांच्या वर साधारण १ सेंटीमीटर ठेवा आणि वरची जागा मोकळी सोडा. आहे त्या पातळीवर स्थिरावतंय का बघा. स्थिरावलं तर सुंठीवाचून खोकला गेला.

गाडी आडवी पडून तशीच चालू राहिली, किंवा चढावर अडकून जागच्या जागी तापली, तरी नळी उडवते. तो बिघाड नव्हे. इंजिन थंड असताना स्टार्ट करून लगेच उडवायला लागली तर मात्र दखल घ्यायची.

कार्ब्युरेटरप्रेमी

कॅप बघा आधी, कॅप! कोणी बोललंच नाही अजून. कॅपमध्ये वरच्या आणि खालच्या अशा दोन रबरी बैठका असतात. खालची कडक झाली, चिरली किंवा तिच्यात वाळू अडकली की दाब धरत नाही. पुष्कळ गाड्यांना १.१ बारची कॅप येते, काही केटीएमना १.४ बारची. आकडा कॅपवर छापलेला असतो.

दाबाचं महत्त्व एवढ्यासाठी की निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असलेलं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. १.१ बारच्या चांगल्या कॅपखाली तेच १२५ च्या पुढे जातं. कॅप मेली की इंजिनात काहीही बिघडलेलं नसताना गाडी उकळते, नळीतून सांडते, आणि मालक हेड खोलून बसतो.

एक उलटं टोकही सांगतो. गाडी सांडते म्हणून १.८ किंवा २ बारची कॅप लावायची फॅशन आहे. त्याने सांडणं थांबेल, पण तोच वाढीव दाब होसवर, रेडिएटरच्या वेल्डवर आणि पंपाच्या सीलवर येतो. जुन्या सीलवर जास्त दाब म्हणजे नवी गळती.

दोन_ठोके

धाग्यात घुसतो, माफ करा. माझी टू-स्ट्रोक २५० आहे. कूलंट कमी होतंय, पण गिअरबॉक्सचं तेल एकदम स्वच्छ. स्टार्ट केल्यावर पांढरा धूर बराच वेळ राहतो आणि वास गोडसर. रेडिएटरची कॅप उघडी ठेवून (थंड असताना, काळजी नसावी) रेस केलं की बुडबुडे येतात. माझं पण पंपाचं सील?

पाना_दहाचा

दोन_ठोके, तुमचं प्रकरण वेगळं आणि सोपं. तेल स्वच्छ, धूर गोड, बुडबुडे: हेडच. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची खोली आणि गिअरबॉक्स वेगळे असतात, त्यामुळे पंपाचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं तेल दुधाळ होईल, धुरात काही दिसणार नाही. ज्वलनाच्या बाजूने गळालं तर नेमकं उलट.

खात्रीसाठी प्लग काढा आणि टॉर्चने पिस्टनचा माथा पाहा. सगळीकडे काजळी आणि एका कडेला धुऊन काढल्यासारखा लख्ख पट्टा दिसला, तर त्या कडेने कूलंट आत येतंय. हेड काढल्यावर डोळे तिथेच लावा.

आणि हो, रात्रभर उभी राहिल्यावर किक अर्ध्यात अडकली तर वर उभं राहून जोर लावू नका. सिलिंडरमध्ये द्रव साठला असेल, तर द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, तोंड बाजूला ठेवा आणि हलकेच किक मारून बाहेर उडवा.

बुलबुल

इतकी डोकेफोड कशाला. सीलंटची बाटली मिळते, रेडिएटरमध्ये ओतायची. मी ओतली होती, चालली की.

पाना_दहाचा

रेडिएटरला बारीक छिद्र असेल आणि जंगलातून घरी पोचायचं असेल तर ठीक. त्यापलीकडे नको. त्या द्रवाला गळतीचं छिद्र आणि रेडिएटरची अरुंद नळी यातला फरक कळत नाही, दोन्ही बुजवतो. डर्ट बाइकचे रेडिएटर आधीच लहान. आणि पंपाच्या सीलला तर त्याचा उपयोगच नाही, तिथे फिरणारा शाफ्ट आहे, चिकटणार कशाला?

रानवाट

बुलबुल, घरी पोचण्यापुरता याहून बरा उपाय: दगडाने रेडिएटरची एकच नळी फुटली असेल तर तिच्या आजूबाजूच्या जाळ्या पकडीने उपटून काढायच्या, नळी छिद्राच्या दोन्ही बाजूंना चेपून दुमडायची, आणि असेल तर वरून दोन भागांची इपॉक्सी. एक नळी बंद झाल्याने फारसं काही बिघडत नाही. घरी आल्यावर टिग वेल्डिंग करून घ्यायचं.

टाकी आणि जाळी जिथे जुळतात तो जोड आणि रेडिएटर चौकटीला बसतो ते कान, तिथेही तडे जातात. पडताना रेडिएटर पिळला जातो आणि तडा कानाच्या मागून सुरू होतो. शिवाय प्लास्टिकच्या आवरणाआड असल्याने दिसत नाही. आवरणं काढल्याशिवाय रेडिएटर तपासला असं म्हणू नये कुणी.

चिखलस्वार

पातळी सांगितल्याप्रमाणे कमी ठेवली. ओव्हरफ्लो नळी आता कोरडी! पण पातळी तरीही हळूहळू उतरतेय. पावडरचा प्रयोग केला, होसचे सगळे जोड कोरडे. आवरणं काढली, रेडिएटरवर डाग नाही. ऑइल मात्र आता स्पष्ट राखाडी आहे. गाडी नुकतीच धुतलीये, त्याचं पाणी गेलं असेल का ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून)?

कार्ब्युरेटरप्रेमी

जाऊ शकतं. प्रेशर वॉशरने ब्रीदर नळीच्या तोंडावर फवारा मारला, किंवा गाडी ओढ्यात आडवी झाली, तर पाणी आत जातं. नुसत्या छोट्या छोट्या चकरा मारल्या, इंजिन पुरतं तापलंच नाही, तरी ओल धरते आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट फेस जमतो. त्यात रेडिएटरची पातळी मात्र हलत नाही. तुमची उतरतेय. म्हणजे कूलंटच.

पाना_दहाचा

आता ही गाडी चालवू नका. तुमच्या फोर-स्ट्रोकमध्ये तेच ऑइल क्रँकला, कॅमला आणि क्लचला जातं. (जुन्या होंडा सीआरएफसारख्या काही गाड्यांत इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं. तिथे कुठलं तेल बिघडलं यावरूनच अर्धं निदान होतं.) ग्लायकॉल मिसळलेलं ऑइल बेअरिंगवर थर धरत नाही, आणि क्लच प्लेटची घर्षणपट्टी ज्या गोंदाने बसवलेली असते तो गोंदही सैल करतं.

आता दाबाची चाचणी. रेडिएटर प्रेशर टेस्टर म्हणजे गेज लावलेला हातपंप, कॅपच्या जागी बसतो. चारचाकीचा पंप चालतो, फक्त डर्ट बाइकच्या लहान गळ्याला बसणारा अडॅप्टर लागतो. इंजिन थंड. कॅपवर लिहिलेल्या दाबाएवढा दाब भरायचा, त्याच्या वर नाही. मग हात बांधून बसायचं आणि काटा बघायचा.

थंड इंजिनावर का? गरम असताना धातू फुगून बारीक फट मिटते आणि गळलेलं उडून जातं. थंडपणी दाब दिला की थेंब जिथून येतो तिथेच टिकून राहतो. पूर्ण रात्र दाबाखाली ठेवली तरी हरकत नाही. काटा पडला आणि बाहेर कुठे ओल नाही, तर प्लग काढून सिलिंडरमध्ये डोकवा. तिथेही कोरडं असेल तर उरलं ऑइल.

आणि ते भोक. ते शोधल्याशिवाय चाचणी करू नका.

किकमार

भोकाचं काय एवढं? माझ्या गाडीतून तिथून थेंब थेंब यायचं, आधीच्या मालकाने एम-सील लावून बंद केलंय. तेव्हापासून गळत नाही.

पाना_दहाचा

किकमार, आजच्या आज ते एम-सील काढा.

पंपाच्या शाफ्टवर दोन सीलं असतात. एक कूलंट अडवतं, दुसरं ऑइल. दोघांच्या मध्ये एक रिकामी खोली असते आणि तिला खाली हे भोक. कूलंटचं सील झिजलं की कूलंट मधल्या खोलीत येतं आणि भोकातून बाहेर टपकतं. ऑइलचं सील झिजलं की तिथूनच ऑइल टपकतं. कोणतं सील गेलं ते इंजिन न खोलता कळावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं आहे. तुम्ही भोक बुजवलंत तर कूलंटला बाहेरची वाट नाही, ते दुसऱ्या सीलच्या ओठाखालून सरळ ऑइलमध्ये शिरणार. गळती थांबलेली नाही, फक्त तिचा पत्ता बदललाय.

चिखल वाळूनही ते असंच बुजतं.

किकमार

अरे बापरे. ऑइल बघून येतो.

चिखलस्वार

मंडळी!! भोक सापडलं. पंपाच्या कव्हरमागे, केसिंगच्या पोटाशी, वाळलेल्या मातीने दगडासारखं बुजलेलं. टेस्टर मिळाला. आधी भोक न उघडताच दाब भरला (मुद्दाम, बघायचं होतं): काटा हळूहळू पडत राहिला, बाहेर सगळं कोरडं, सिलिंडर कोरडा. मग भोक मोकळं केलं, पुन्हा दाब भरला. थोड्या वेळात तिथे हिरवा थेंब जमला आणि पडला. मग दुसरा. किती आनंद व्हावा गळती बघून!

हेड आता विसरायचं ना?

पाना_दहाचा

शाब्बास, आणि दोन्ही टप्पे वेगळे केलेत ते फार चांगलं केलंत. विसरायचंच. तरी टेस्टर हाताशी आहे तोवर मनाची खात्री करायची असेल तर दोन उपाय आहेत.

एक, लीक-डाउन. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या अगदी वरच्या बिंदूवर आणायचा, म्हणजे चारही व्हॉल्व्ह बंद. प्लगच्या भोकातून काँप्रेसरची हवा सोडायची आणि रेडिएटरच्या उघड्या तोंडात बघायचं. बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. पिस्टन बिंदूपासून जरा जरी ढळला असेल तर हवा त्याला जोरात खाली ढकलते, म्हणून क्रँकच्या नटावर पाना लावून ठेवायचा नाही आणि बोटं चेनपासून लांब.

दुसरा, ज्वलनवायू तपासायचं निळं द्रावण. रेडिएटरच्या वरची हवा त्यातून ओढायची. कार्बन डायऑक्साइड असेल तर निळ्याचं पिवळं होतं. आधी पातळी थोडी खाली घ्या, नाहीतर द्रावणात कूलंट शिरेल आणि चाचणी वाया.

तुमच्या बाबतीत मी यातलं काही करणार नाही. थेंब दिसला, विषय संपला.

चिखलस्वार

मग सील बदलायची. कूलंटवालं एकच बदलू की दोन्ही? आणि पंप काढताना काय बघू?

पाना_दहाचा

दोन्ही. ऑइलच्या सीलचा ओठ मातीत आणि ग्लायकॉलमध्ये राहिलाय, शिवाय एकासाठी खोललेलं दुसऱ्यासाठी पुन्हा खोलण्यात अर्थ नाही. सोबत बेअरिंग आणि शाफ्टही तपासा, माझ्या मते खरं काम तिथे आहे. लोक सील बदलतात, काही दिवसांत पुन्हा गळतं, मग "सील डुप्लिकेट होतं" म्हणून मोकळे होतात. शाफ्टवर सीलचा ओठ जिथे घासतो तिथे खाच पडते. नखाने आडवं ओरबाडून बघा. नख अडकलं तर शाफ्ट बदला, पॉलिश करून ती खाच जात नाही. काही गाड्यांत इम्पेलर (कूलंट ढकलणारं पंपाचं पातं) आणि शाफ्ट एकच नग असतो, काहींत वेगळे. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर शाफ्ट डगमगतो आणि नवं सीलही तसंच जातं.

कव्हर उतरवायच्या आधी: कूलंट भांड्यात काढा (रेडिएटरची कॅप थंडपणी उघडून, मग पंपाच्या कव्हरचा ड्रेन बोल्ट), ऑइल काढा, मागचा ब्रेक पेडल आणि किक असेल तर तिचा दांडा. क्लचचं कव्हर आतून बघा. बऱ्याच गाड्यांचं ते मॅग्नेशियमचं असतं आणि जुनं, कधीच न बदललेलं कूलंट त्याला आतून खातं. गॅस्केटच्या पृष्ठभागावर खड्डे असतील तर सील नवं असूनही कूलंट ऑइलमध्ये जाईल. ज्या गाड्यांत कूलंट कव्हरमधून केसिंगमध्ये आणि तिथून सिलिंडरला जातं, तिथे त्या जोडाची ओ-रिंगही (गोल रबरी कडी) बदला, छोटीशी असते आणि हमखास राहून जाते.

सील बसवणं गाडीगणिक वेगळं. यामाहा, केटीएम वगैरेंच्या पुष्कळ मॉडेलांत दोन साधी ओठवाली सीलं पाठीला पाठ लावून असतात: एकाचा ओठ कूलंटकडे, दुसऱ्याचा ऑइलकडे. ओठांना ग्रीस लावा. शाफ्ट घुसवताना त्याच्या धारेने ओठ कापू नये म्हणून टोकावर पातळ टेप गुंडाळा. काहींत मेकॅनिकल सील असतं, म्हणजे कार्बनची चकती सिरॅमिकच्या चकतीवर स्प्रिंगच्या दाबाने घासत राहते. तिथे उलट: त्या दोन तोंडांना ग्रीस नाही, ऑइल नाही, बोटाचा ठसासुद्धा नाही. ते कूलंटवरच वंगण घेतं. म्हणूनच कोरडं इंजिन "जरा बघू" म्हणून चालवायचं नसतं.

ठोकताना फक्त बाहेरच्या कडेवर टेकेल असा सॉकेट घ्या. जुनं सील काढण्याआधी ते किती खोल बसलंय आणि कुठल्या तोंडाने, याचा फोटो काढा. मॅन्युअलमधलं चित्र बघितलं तरी फोटो काढाच.

मडगार्ड

आमच्या वेळी हवेवर थंड व्हायची इंजिनं. ना रेडिएटर, ना सील, ना भोक.

कार्ब्युरेटरप्रेमी

मडगार्ड, १९८१ ला यामाहाने वायझेड१२५ पाण्यावर आणली तेव्हा रेडिएटर थेट हँडलच्या पुढे लावला होता, तेव्हापासूनच लोक कुरकुरतायत. पण हवेवरची गाडी रेस संपता संपता दमायची ते विसरू नका. आणि डोकेदुखी नकोच असेल तर होंडाची सीआरएफ१२५एफ, यामाहाची टीटी-आर आहेतच.

दोन_ठोके

हेड काढलं. पाना_दहाचा म्हणाले तसाच पिस्टनवर एका कडेला लख्ख पट्टा, आणि त्याच बाजूची आतली ओ-रिंग चपटी होऊन एका जागी तुटलेली. नुसती ओ-रिंग टाकून बसवू?

पाना_दहाचा

ओ-रिंग का तुटली ते आधी बघा. खोबणीत गंजाचे खड्डे आहेत का, सिलिंडरच्या माथ्यावर ओरखडा आहे का? सरळ धारेची पट्टी हेडवर आडवी, उभी, तिरकी ठेवून खालून फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) सरकवा. पुष्कळ मॅन्युअलांत मर्यादा ०.०५ मिमी दिलेली असते, तुमचं बघून घ्या. गॅस्केटवालं सपाट हेड (यामाहाच्या वायझेड२५० सारखं) काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून आठाच्या आकारात घासता येतं. तुमच्यासारखं ओ-रिंगांचं असेल तर घासू नका. खोबणी उथळ होते, आणि पिस्टन व हेडमधलं अंतरही कमी होतं. वाकलेलं असेल तर मशीन शॉपला द्या, खोबणीसकट करून देतात.

ओ-रिंग खोबणीत टिकावी म्हणून ग्रीसचा पुसट हात. नट समोरासमोर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. अंदाजपंचे आवळलेलं हेड हेच पुढच्या गळतीचं कारण होतं.

चिखलस्वार

सीलं आणि बेअरिंग आली. शाफ्टवर नख अडकलं, म्हणून शाफ्टही नवा. कव्हर स्वच्छ आहे, खड्डे नाहीत. आता आतल्या राखाडी ऑइलचं काय? एकजण म्हणाले डिझेल ओतून फिरव.

रानवाट

डिझेल नको. सगळं बाहेर येत नाही, आणि उरलेलं नवीन ऑइल पातळ करतं. त्याच ग्रेडचं साधं ऑइल भरा, थोडा वेळ नुसतं आयडलवर चालवा, गरम असतानाच काढा. राखाडी आलं तर पुन्हा. स्वच्छ येईपर्यंत. फिल्टर दर वेळी पुसायचा नाही, बदलायचा. कव्हर उघडंच आहे तर क्लच प्लेट बाहेर काढून पट्ट्या सुटल्या नाहीत ना ते बघा आणि नव्या ऑइलात भिजवून बसवा.

कार्ब्युरेटरप्रेमी

कूलंट भरताना सिलिकेट नसलेलं घ्या, बाटलीवर लिहिलेलं असतं. सिलिकेटचे कण पंपाच्या सीलवर घासतात. पाणी डिस्टिल्ड. नळाच्या कठीण पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात. आणि जुनं काढलेलं उघड्या भांड्यात ठेवू नका, एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

भरताना पुढचं चाक उंच ठेवा, होस हाताने दाबत राहा, गाडी दोन्ही बाजूंना कलंडवा. बुडबुडे यायचे थांबले की कॅप उघडी ठेवून थोडं आयडल, पातळी पडली की भर, मग कॅप. आत हवा राहिली तर इंजिन तापेल आणि तुम्ही पुन्हा हेडवर संशय घ्याल.

चिखलस्वार

झालं. सीलं, बेअरिंग, शाफ्ट, ओ-रिंग, कव्हरची गॅस्केट. इंजिनात कूलंट भरल्यावर स्टार्ट करायच्या आधीच टेस्टर लावला आणि रात्रभर दाबाखाली ठेवली. सकाळी काटा जिथल्या तिथे. मग ऑइलची धुलाई, मग राइड. पातळी हलली नाही, ऑइल स्वच्छ. सगळ्यांचे खूप खूप आभार, विशेषतः पाना_दहाचा यांचे.

एक शेवटचं: ते भोक पुन्हा मातीने बुजणार. साफ कशाने करू? मी तार वापरली होती.

पाना_दहाचा

तार नको, भोक थेट सीलच्या मागे उघडतं, टोक लागलं तर नवं सील गेलं. प्लास्टिकचा केबल टाय तिरका कापून घ्या, तो आत गेला तरी इजा करत नाही. आणि धुताना प्रेशर वॉशरचा फवारा त्या भोकावर सरळ मारू नका.

किकमार

एम-सील काढलं. आधी कूलंट आलं, मग ऑइल. दोन्ही सीलं. पार्ट नंबर शोधतोय, कुणाकडे जुन्या मॉडेलचं मॅन्युअल असेल तर व्यनि करा.